पोलीस दारात आणि कुत्रा मोकळा : जबाबदारी कुणाची?

विणकर_गल्ली (वडगाव, बेळगाव)

मंडळी, विषय जरा वेगळा आहे, पण आमच्या गल्लीत यावरून दोन तट पडलेत म्हणून इथं मांडतो. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाच्या सुमाराला दोन पोलीस एका पोराची चौकशी करायला आले. पोरगा पलीकडच्या घरातला, पण त्यांनी फाटक ढकललं ते त्याच्या काकांचं. आत कुत्रा मोकळा. गावठीच, पण अंगानं दांडगा. तो धावून गेला, एका पोलिसानं काठी घातली, मागचा पाय मोडला. कुत्रं केकाटत रस्त्यावर पळालं. नशीब, त्या वेळी टेम्पो वगैरे काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधीच पंचायत बसली. अर्धी गल्ली म्हणाली, मुक्या जनावरावर काठी चालवणारे हे कसले पोलीस. उरलेली म्हणाली, फाटकाला साधी कडी नाही आणि कुत्रा मोकळा सोडलाय, दुसरं काय होणार.

माझं मत सांगून टाकतो, मग झोडा. अंधारात अंगावर येणारा कुत्रा चावरा की प्रेमळ हे ठरवायला पोलिसाला दोन सेकंद मिळतात. मालकाला त्याआधीची सगळी वर्षं मिळालेली असतात. म्हणून कुत्र्याचा जीव सांभाळायचं काम आधी मालकाचं. पोलिसांचं काम नंतर सुरू होतं, आणि ते म्हणजे मालकाला कुत्रा आवरायला सवड देणं.

हा विषय भानगडीत सापडलेल्या घरांपुरता राहिलेला नाही. २०२५ च्या जुलैपासून कर्नाटकात ‘मने मनेगे पोलीस’ सुरू झालंय. बीटचा (आपल्या भागाच्या गस्तीचा) पोलीस आपणहून घरोघरी येऊन ओळख करून घेणार, अडचणी विचारणार. पासपोर्टची चौकशी आहे, भाडेकरूंची आहे, निवडणूक आली की बंदूक जमा करा म्हणून निरोप आहे. पोलीस दारात येणं आता नेहमीचंच. तुमच्याकडं काय व्यवस्था आहे?


निवृत्त_हवालदार (चिकोडी)

माझी नोकरी सगळी याच जिल्ह्यात झाली, अथणीपासून खानापूरपर्यंत. तेव्हा दुसरी बाजू मी सांगतो.

हवालदाराकडं काठी आणि टॉर्च, बस्स. पिस्तूल असतंय ते पीएसआय साहेबांच्या कमरेला, आणि एक गोळी उडाली तरी तिचा हिशेब लिहून द्यावा लागतोय. म्हणून आपल्याकडं कुत्रा सहसा गोळीनं मरत नाही. काठीनं जायबंदी होतोय, नाहीतर बिचकून रस्त्यावर पळतोय आणि गाडीखाली जातोय.

भुंकणाऱ्या कुत्र्याची आम्हाला तेवढी भीती नव्हती. भुंकतोय तो जागेवर उभा राहून मालकाला हाक मारत असतोय. जो आवाज न करता, मान खाली घालून मागनं येतोय, तो पोटरी धरतोय. माझी अशीच धरली होती एका मळ्यात. तवा बेंबीभोवती १४ इंजेक्शनांचा जमाना होता, विचारू नका.

रात्री कुणाच्या घरी गेलो की आम्ही फाटकाबाहेरनं ओरडायचो, “यजमानरे, नायी कट्टरी!” (मालक, कुत्रं बांधा!) मालक लुंगी सावरत बाहेर यायचा आणि म्हणायचा, “काय करत न्हाई ओ, या की आत.” हे ‘काय करत न्हाई’वाले मालक सगळ्यात वाईट. तुमचं कुत्रं तुम्हाला काय करत नाही हो, तुम्ही त्याला भाकरी घालता. बूट घालून, काठी घेऊन, रात्रीचा आत शिरणारा माणूस त्याच्या हिशेबात चोरच.

आणि एक. कुत्र्याचा पट्टा एका हातात धरून दुसऱ्या हातानं दार उघडायचं, हे अजिबात करू नका. धरून ठेवलेलं कुत्रं जास्त चेव खातंय. आधी त्याला मागच्या खोलीत घाला, कडी लावा, मग दार उघडा. आम्हाला दोन मिनिटं थांबायला काही होत नाही.


पोरका_टॉमी (टिळकवाडी)

म्हणजे सगळा दोष मालकाचाच? वा. कुत्रा आपल्या हद्दीत होता. फाटक चुकीचं ढकललं पोलिसांनी. आवाज दिला नाही, बेल वाजवली नाही, सरळ आत. उद्या तुमच्या अंगणात खेळणारं पोरगं घाबरून दगड उचललं तर त्याच्यावरही काठी घालणार काय? प्रशिक्षण कुणाला पाहिजे, कुत्र्याला की वर्दीला? हवालदार काका, तुम्ही फाटकाबाहेरनं ओरडत होता, ते चांगलं. आता कोण ओरडतंय?


विणकर_गल्ली

टॉमीसाहेब, पोलीस चुकले हे मीही म्हणतोय. पण त्यांची चूक सिद्ध झाली म्हणून कुत्र्याचा पाय जुळून येत नाही. माझा प्रश्न चुकीच्या माणसापासूनही आपलं जनावर कसं वाचवायचं हा आहे.


काळा_कोट (बेळगाव)

वकिली करते, म्हणून कायद्याचं थोडं सांगते. तुमचं प्रकरण असेल तर कागद घेऊन आपापल्या वकिलाकडं जा, इथं फक्त ढोबळ चित्र.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ : जनावर मुद्दाम मारणं किंवा जायबंदी करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात (भारतीय दंड संहितेत) जनावराच्या किमतीप्रमाणे दोन वेगळी कलमं होती, आता एकच. त्यामुळं गावठी कुत्र्याला काय किंमत, हा प्रश्न निदान कायद्याच्या पुस्तकातून गेलाय. पण कलम १९ पण वाचा. मोठी हानी टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता, सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. अंगावर आलेल्या कुत्र्याला काठी मारली तर पोलीस याच कलमाचा आधार घेणार. साखळीत बांधलेल्या, किंवा पळून चाललेल्या कुत्र्याला मारली तर हा आधार टिकणं अवघड. फरक सगळा त्या क्षणी कुत्रा कुठं होता यात आहे, आणि कुत्रा कुठं असेल हे मालकाच्या हातात असतंय. विणकर दादांचा मुद्दा मला म्हणून पटतो.

आता मालकाची बाजू. कलम २९१ : आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये एवढी काळजी घेतली नाही, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कुणाला वाटत असेल की कुत्रा सोडून पोलिसांना बाहेर ठेवता येतंय, त्यांनी कलम १२९ खालची उदाहरणं वाचावीत. दुसऱ्याला इजा किंवा भीती व्हावी म्हणून त्याच्या अंगावर कुत्रा सोडणं हे उदाहरण तिथं शब्दशः दिलंय, त्याला गुन्हेगारी बळाचा वापर म्हणतात. समोर ड्यूटीवरचा पोलीस असेल तर १३२ लागतं, २ वर्षांपर्यंत. कुत्रा काठी खाणार आणि मालक कोठडीत बसणार, असा तो हिशेब होतो.

जनावरांच्या छळाचा १९६० चा कायदा आहेच, पण त्याची पहिल्या गुन्ह्याची शिक्षा ऐकून हसू नका : दंड १० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंत. आजच्या भावात दोन चहा.


निपाणीकर_तंबाखू

मॅडम, पण घरात शिरायचा अधिकार आहे काय त्यांना? वॉरंट नको?


काळा_कोट

अटक करायच्या माणसासाठी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, झडती कशी करायची ते सांगणारा कायदा) कलम ४४ बघा. तो माणूस आत आहे असं मानायला कारण असेल, तर घरातल्यांनी पोलिसांना वाट द्यायची असते. आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून, आत सोडा म्हणूनही दार उघडलं नाही तर ते तोडता येतंय. म्हणजे कुत्रा दारात उभा करून वेळ काढण्यात शहाणपण नाही, दार तुटतंय आणि कुत्रा समोर असतोय. साधी चौकशी किंवा नोटीस असेल तर मात्र पोलिसांना आत यायची गरजच नसते. तुम्हीच बाहेर जा, दार मागं ओढून घ्या, फाटकाशी बोला.

झडती असेल तर कलम १०५ प्रमाणे त्याचं चित्रीकरण करावं लागतं, मोबाइलवरही चालतं. ‘कुत्रा आहे, बांधतो, मग या’ हे वाक्य त्या चित्रीकरणात मोठ्यानं येऊ द्या. पुढं काही झालं तर तेच तुमच्या कामाला येतंय.


दूरदेशी (मूळ शहापूर, सध्या टेक्सास)

हा विषय इथं अमेरिकेत फार मोठा आहे, म्हणून लिहिते. इथं प्रत्येक पोलिसाच्या कमरेला पिस्तूल असतं, आणि त्यामुळं कुत्र्याचं नशीब वेगळं.

सगळ्यांना माहीत असलेलं प्रकरण २००८ चं. मेरिलँड राज्यात बर्विन हाइट्स नावाचं छोटं गाव आहे, तिथले महापौर चेय कॅल्व्हो. त्यांच्या बायकोच्या नावानं गांजाचं पार्सल आलं. तस्कर अशा निरपराध लोकांचे पत्ते वापरत होते. पोलिसांच्या हत्यारी पथकानं घरावर छापा घातला आणि घरातली दोन्ही लॅब्रॅडॉर गोळ्या घालून मारली. नवरा-बायको दोघंही निर्दोष निघाले. तो माणूस पुढं पोलिसांच्या छाप्यांची आकडेवारी उघड व्हावी म्हणून राज्याच्या विधिमंडळापर्यंत गेला.

नंतर कायदे झाले. कोलोरॅडोत २०१३ मध्ये कुत्र्यांच्या संरक्षणासाठी खास कायदा आला : पोलिसांना कुत्र्याची देहबोली शिकवायची, आणि जिथं शक्य असेल तिथं मालकाला कुत्रा आवरायची संधी द्यायची. आमच्या टेक्सासमध्ये २०१५ ला प्रशिक्षण सक्तीचं झालं. कोर्टांनी मात्र दोन्ही बाजूंनी निकाल दिलेत. सॅन होजेच्या प्रकरणात २००५ ला अपील कोर्ट म्हणालं, झडतीच्या ठिकाणी कुत्री आहेत हे पोलिसांना आठवडाभर आधी माहीत होतं, तरी गोळीशिवाय दुसरा विचार केला नाही, हे चूक. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या प्रकरणात २०१६ ला दोन पिटबुल मारले ते कोर्टानं योग्य धरलं.

त्यामुळं इथले मालक कायद्यावर विसंबून राहत नाहीत. पोलीस दारात दिसला की कुत्रा आधी दुसऱ्या खोलीत, दार बंद, मग बोलणं. गाडी अडवली की कुत्र्याचा पट्टा मागच्या सीटला अडकवलेला, काच थोडीच खाली, आणि पहिलं वाक्य : मागं कुत्रा आहे.


पोरका_टॉमी

ताई, अमेरिकेची भीती इथं कशाला आणूलालीस? इथं कोण गोळ्या घालतंय?


दूरदेशी

गोळीचं सोडा दादा, काठीनं पण पाय मोडलाच की. कोलोरॅडोच्या कायद्यातलं ‘मालकाला संधी द्या’ हे बेळगावात पण पाहिजे एवढंच म्हणणं आहे. तुमचं आणि माझं भांडण त्यावर नाहीच.


धनगरवाडा (रायबाग)

शहरातली माणसं फाटक, बेल, मागची खोली म्हणतात. आमच्याकडं ना फाटक ना खोली. मेंढरं कुणाच्या रानात खतासाठी बसवलेली, भोवती जाळी, चार कोपऱ्यांना चार कुत्री. रात्री कुत्रं बांधलं तर लांडगा मेंढरू घेऊन जातोय. मग बांधायचं कसं सांगा.

गस्तीची जीप येते, पोलीस खाली उतरतोय, टॉर्च मारतोय, “याररी? यल्लिंदा बंदीरी?” (कोण? कुठनं आलात?) तोवर कुत्र्यांनी घेरलेलं असतंय. आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा, लांडग्यानं नरडं धरू नये म्हणून. अंधारात तो पट्टा बघून माणसाला आणखी भ्या वाटतंय.

आमची पद्धत अशी. नव्या रानात बसलो की पहिल्या दिवशी त्या गावच्या बीट पोलिसाला आणि पंचायतीत सांगून येतो : अमक्याच्या रानात आहे, एवढी मेंढरं, एवढी कुत्री, हा माझा फोन. रात्री आलात तर जीपमधनंच हॉर्न मारा, उतरू नका, मी शीळ घातली की कुत्री माझ्याकडं येतात. बहुतेक ऐकतात. एखादा नवीन माणूस असतोय तो उतरतोयच. मग मी कुत्र्याच्या आणि त्याच्या मधी जाऊन उभा राहतो. दुसरा इलाज नाही.

लहानपणापासून शिळेला परत यायची सवय पाहिजे. नुसतं अंगावर जायला शिकवलेलं आणि परत यायला न शिकवलेलं कुत्रं वाड्यावर ठेवू नये, असं आमची म्हातारी माणसं सांगत होती.


येळ्ळूरचा_गडी

धनगर मामा, तुमची पश्मी हाय काय? मुधोळ जातीचं कुत्रं? आमच्याकडं एक घेतलंय, रस्त्यावर काय पळताना दिसलं की थांबतच नाही.


धनगरवाडा

पश्मी वेगळी, राखणीचं कुत्रं वेगळं. पश्मी ससा बघून पळणारी जात, नजरेनं शिकार करतीया. तिला राखणीला ठेवून काय उपयोग. तुमचं मुधोळ मोकळं सोडू नका, हायवेला जाऊन मरेल. त्याला रोज पळवा, पण बंदिस्त रानात.

(मुधोळला तिम्मापूरजवळ सरकारचं कुत्र्यांचं केंद्र आहे, तिथं नीट माहिती मिळते. २००५ ला टपाल तिकिटावर पण छापलंय मुधोळ कुत्र्याला. आमच्या राखणीच्या कुत्र्याचं तिकीट कोण काढणार!)


कोगनोळी_पास (निपाणी)

गाडीचा विषय निघालाच आहे म्हणून. आमचं कोल्हापूरला येणं-जाणं सारखं. निवडणूक लागली की कोगनोळीच्या सीमानाक्याला गाड्या थांबवून डिकी उघडायला लावतात, कणकुंबीकडं गोव्याहून येणाऱ्यांची दारूसाठी तपासणी होते, शिनोळी-बाचीला पण कधीतरी. कुत्रा डिकीजवळ मोकळा असेल आणि अनोळखी माणसानं डिकी उघडली, की एक तर तो चावतोय नाहीतर उडी मारून हायवेवर. पुणे-बंगळूर रस्त्यावर उडी म्हणजे संपलंच.

मी कुत्र्याला छातीचा पट्टा घालतो आणि त्याची दोरी सीटबेल्टच्या खाचेत अडकवतो, गळ्याच्या पट्ट्याला नाही, ब्रेक मारला की गळा आवळतो. डिकी मीच उघडतो, पोलिसाला सांगून. उन्हाळ्यात रांग लांब असली की इंजिन बंद करायला लावतात, तेव्हा काचा आधी खाली. आणि लसीचं कार्ड गाडीच्या कप्प्यात.


जनावरांचा_डॉक्टर (खानापूर)

कार्डाचं बोललात ते बरं झालं. पोलीस असो की पोस्टमन, कुत्रा चावला की पहिला प्रश्न रेबीजच्या लसीचा. कार्ड दाखवलं तर अर्धं भांडण तिथंच थांबतं. दाखवता आलं नाही तर लोक ‘पिसाळलाय, मारून टाका’ म्हणायला वेळ लावत नाहीत. मी असे जमाव पाहिलेत, तिथं कलम ३२५ कुणी ऐकून घेत नाही.

चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. मग सरकारी दवाखाना. आता बेंबीत इंजेक्शन नाही हो हवालदार काका, कातडीत देतात त्या पद्धतीत डोस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं औषध पण लागतं, ते विचारून घ्या. चावलेला कुत्रा मारू नका, सोडूनही देऊ नका. १० दिवस बांधून नजरेखाली ठेवायचा. मारून टाकला की त्याला रोग होता की नव्हता हे बघायची सोपी वाटच बंद.

काठी लागलेल्या कुत्र्याबद्दल. पाय लोंबत असेल तर ओढून सरळ करायला जाऊ नका. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून तोंडाला गॉजपट्टी सैलसर बांधा, पण धाप लागली असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. फळीवर किंवा जाड चादरीवर उचला. घरातली माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल नाही, आयबुप्रोफेन तर नाहीच. पाय बरा होतो आणि मूत्रपिंड जातं, असं होतं.

आणि ‘मग दिवसभर साखळीला बांधून टाकतो’ म्हणणाऱ्यांना. सतत बांधलेला कुत्रा जास्त चावरा होतो. १९६० च्या त्याच कायद्यात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो मालकाचा गुन्हा धरलाय. फाटकाच्या आत दुसरं छोटं फाटक करा, चार-पाच फुटांची मोकळी जागा राहील असं. आलेला माणूस त्यात उभा राहतो, कुत्रा आत राहतो. जुन्या टायरी, तारेची जाळी, काहीही चालतं. माझ्याकडं येणाऱ्यांत ज्यांनी हे केलंय त्यांच्या घरी चावण्याची भानगड क्वचित.

कुत्र्याला काठीची आणि बुटांच्या आवाजाची सवय पण लावता येते. ओळखीच्या माणसाला हातात काठी देऊन लांब उभं करा, कुत्रा शांत राहिला की खाऊ द्या, रोज थोडं जवळ आणा. लहान वयात केलं तर सोपं.


चांदण्यातली_आक्का (अनगोळ)

सगळे पुरुष बोलूलाले आहेत म्हणून मी बोलते. (वकील मॅडम, दूरदेशी, तुम्ही सोडून.) मी एकटी राहते, मुलगा पुण्याला. माझं कुत्रं हेच माझं कुलूप. रात्री अकराला कुणी दारावर थाप मारून ‘पोलीस’ म्हणालं, तर मी कुत्रं आतल्या खोलीत कोंडून दार उघडायचं? आणि तो पोलीस नसला तर?


निवृत्त_हवालदार

आक्का, तुमचं बरोबर आहे. दार उघडूच नका. दिवा बाहेरचा लावा, खिडकीतनं बोला, कुत्रं तुमच्याजवळ राहू दे, ग्रील बंद. ओळखपत्र दाखवा म्हणा, स्टेशन कुठलं विचारा, ११२ ला फोन लावून ‘अमक्या स्टेशनची माणसं माझ्या दारात आहेत काय’ असं त्यांच्या देखत विचारा. खरा पोलीस असेल तर थांबतोय. चिडला तर चिडू दे. खात्री झाल्यावर मग कुत्रं आत घालून दार उघडा. आम्ही आधी बांधा म्हणतो ते दार उघडायच्या आधी. खात्री करायच्या आधी नव्हे.


काळा_कोट

भर घालते. अटक करायला आलेल्या पोलिसाच्या अंगावर नाव स्पष्ट दिसेल असं ओळखचिन्ह असलं पाहिजे, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६. आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची असेल तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. तेव्हा आक्का, रात्री अकराला तुम्हाला दार उघडायची घाई असायचं कारण फार थोड्या वेळा असेल.


शिवारफेरी (हुक्केरी)

एक व्यवहाराची गोष्ट. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ पाटी असते, ती वाचतोय कोण? डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधला विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बंदोबस्ताला लांबलांबच्या जिल्ह्यांतले पोलीस येतात, त्यांना मराठी येत नाही. पाटीवर कन्नड पण लिहा : ‘नायी इदे, एच्चरिके’. कुत्र्याचं चित्र काढलं तर आणखी बरं. आणि घरातल्या पोरांना एवढं वाक्य शिकवून ठेवा : “सर, नायी कट्टतीनि, स्वल्प निल्लरी.” (सर, कुत्रं बांधतो, जरा थांबा.) हे ऐकलं की पोलीस थांबतोय, माझा अनुभव आहे.


सीमावासी_१९५६

कन्नड पाटी लावायची? आमच्याच घरावर? हे असंच सुरू होतंय...


चावडी_व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तो व्यवस्थित तापलेला आहे. इथं कुत्र्यावर बोला.


शिवारफेरी

बघा, कुत्र्याला कुठलं राज्य ते माहीत नाही. पाटी त्याच्या जिवासाठी आहे. तुम्ही तीन भाषांत लावा, मराठी वर लावा, माझी हरकत नाही.


पोरका_टॉमी

बरं, मालकानं सगळं केलं. दुसरं फाटक, पाटी, बेल, कार्ड. तरी पोलीस भिंतीवरनं उडी मारून आला तर?


विणकर_गल्ली

मग तक्रार करायची, आणि तेव्हा तुमच्या तक्रारीला वजन असतंय. पाटी होती, कडी होती, कुत्रा आत होता, याचे फोटो दाखवता येतात. आमच्या शेजारच्या काकांकडं यातलं काहीच नव्हतं. म्हणून ते स्टेशनात गेले तेव्हा समोरच्यानं पहिला प्रश्न विचारला, फाटक का उघडं होतं? काका गप्प.

कुत्र्याची खबर : पायात सळई घातलीय, तीन पायांवर उड्या मारत फिरतंय, भुंकणं शाबूत आहे. खर्चाचं घोंगडं मात्र भिजत पडलंय. काका म्हणतात पोलिसांनी द्यावा, पोराच्या बापानं म्हणजे त्यांच्या भावानं निम्मा तरी द्यावा, कारण पोलीस आले त्याच्या पोरासाठी. भाऊ म्हणतो फाटक तुझं, कुत्रा तुझा. दोघांचं बोलणं बंद आहे. वकील मॅडम, यावर काही कलम असेल तर सांगा.


काळा_कोट

भावाभावांवर कलम नाही दादा. पोलिसांकडून भरपाई मागायची तर दिवाणी दावा, आणि त्यात जाणारा वेळ कुत्र्याच्या आयुष्याहून जास्त. वरिष्ठांना लेखी अर्ज द्या, उपचाराच्या पावत्या आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडून. पावत्या जपून ठेवायला सांगा काकांना.


चांदण्यातली_आक्का

बेल बसवायची आहे मला फाटकाला. वायरमन म्हणतोय दाराजवळच बसवू, वायर कमी लागते. काय करू?


निवृत्त_हवालदार

दाराजवळ नको आक्का. बेल वाजवायला माणसाला अंगण ओलांडून यावं लागलं तर बेल कशाला? फाटकाच्या बाहेरच्या खांबावर बसवा, वर पत्र्याची झापडी, पावसाळ्यात पाणी जातंय. वायर नको असेल तर बॅटरीवरची मिळते. आणि पोरं वाजवून पळतात म्हणून दोन दिवसांत काढून टाकू नका, सगळे तेच करतात.